गंगेच्या वाळवंटातील मुक्काम

देवप्रयागला अलकनंदा आणि भागीरथी एकत्र येतात व तेथून पुढे नदीस गंगा हे नाव लाभते. तेथून हृषीकेशपर्यंत ती डोंगरांतून वळणे घेत वाहते आणि वळणावळणावर शुभ्र वाळू अंथरीत जाते. दिवसा रबरी तराफ्यातून खळाळांवर स्वार व्हावे आणि रात्री वाळवंटात राहुटी ठोकून नदीचा नाद ऐकत निजावे, या ओढीने १५ जून २०१३ रोजी आम्ही सहकुटुंब शिवपुरीला पोहोचलो.

पाऊस नुकताच थांबला होता. मुले वाळूत धावू लागली. आमच्या वृद्ध नावाड्याने मात्र पाण्याच्या कडेला एक काठी रोवली. तासाभरात ती पाण्यात गेली. पाणी गढूळ झाले होते आणि त्यावरून काटक्या व पालापाचोळा वाहत येत होता.

"बाबूजी, राहुट्या आताच वर न्यायला हव्यात," तो म्हणाला.

मुलांचे चेहरे उतरले. मीही त्रासून म्हणालो, "अहो, पाऊस तर थांबला!"

"इथला थांबला. वरचा कुठे थांबलाय?"

नाइलाजाने आम्ही सामान उंचावरच्या पडवीत हलविले. सकाळी पाहतो तो आमच्या राहुट्यांच्या जागेवरून पाणी वाहत होते! मी नावाड्याकडे पाहिले; पण त्याला काय बोलावे, ते मला सुचेना. त्याच दिवशी आम्ही परत फिरलो. १६ व १७ जूनला केदारनाथी मंदाकिनीने हाहाकार केला आणि १७ तारखेस हृषीकेशच्या घाटावरील शंकराची भव्य मूर्ती गंगेच्या पुरात वाहून गेली.

जुलै-ऑगस्टमध्ये येथील तराफे बंद असतात. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने कौडियाला ते हृषीकेश या टापूत वाळवंटातील राहुट्यांना मनाई केली. परंतु नदी कोणतीही असो, प्रवाशाने ध्यानात ठेवावे, की आकाश निरभ्र असतानाही वरच्या अंगाचा पाऊस, वितळणारे बर्फ किंवा धरणातून सोडलेले पाणी नदी फुगविते. पाणी गढूळले, काटक्या वाहू लागल्या, की विचार करीत बसू नये, चढण धरावी.

ज्या मऊ वाळूचा आपल्याला मोह पडतो, ती पुरानेच आणून टाकलेली असते. आता कोठेही नदीकाठी उतरलो, की माझी मुले प्रथम काठी शोधतात.