गुरुजी, ‘नाही’ नको, ‘नाय’ म्हणा

२७ ऑक्टोबर २०२५ ला गंगाराम गवाणकर गेले. टीव्हीवर बातमी लागली तेव्हा आमची ही म्हणाली, "म्हणजे तात्या सरपंच ना?" म्हटलं, अगं नाही, तात्या सरपंच करायचे ते मच्छिंद्र कांबळी. ते २००७ सालीच गेले. हे ‘वस्त्रहरण’ लिहिणारे. नाटककाराच्या नशिबी हे असंच असतं. हशा नटाच्या नावावर जमा होतो.

खरं तर गवाणकर आपल्याच जिल्ह्यातले, राजापूर तालुक्यातल्या माडबनचे. मुंबईत टेलिफोन खात्यात नोकरी करून नाटकं लिहिली. आधी ‘आज काय नाटक होवचा नाय’ ही एकांकिका होती, तिचं पुढे ‘वस्त्रहरण’ झालं. १९८० साली ते रंगभूमीवर आलं. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा अजून वेगळा झाला नव्हता, मालवणसुद्धा रत्नागिरीतच होतं. सुरुवातीला नाटक चालेना. मग पुलंनी ते पाहून कौतुकाचं पत्र लिहिलं आणि दिवस पालटले. पुढे पाच हजारांवर प्रयोग झाले, लंडनची वारीही झाली.

गोष्ट म्हणाल तर एवढीशी. गावात द्रौपदी वस्त्रहरणाचं नाटक बसवलंय आणि काहीच धड होत नाही. पण आमच्याकडे देवळासमोर मांडव घालून उत्सवात नाटक करणाऱ्यांना त्यातली ओळ न् ओळ ओळखीची. चाकरमान्यांची वर्गणी, ऐन वेळी रुसलेला नट, कुणाचंही न ऐकणारा पुढारी... गवाणकरांनी काही रचलं म्हणण्यापेक्षा आम्हांला आरसा दाखवला म्हणावं.

मी ते पहिल्यांदा पाहिलं मुंबईला, मे महिन्याच्या सुट्टीत. मेहुण्यांनी तिकिटं काढली होती. सगळं थिएटर लोटपोट हसत होतं आणि मी मात्र घुश्शात. वाटलं, हे पैसे घेऊन आपल्या माणसांची टिंगल करतायत. तोवर व्यावसायिक नाटकात आपल्याकडची बोली बोलायचा तो घरातला रामा गडी. त्यातच भर, असं मला वाटलं.

आता कबूल करायला हरकत नाही. घुश्शाचं कारण दुसरंच होतं.

मी शाळेत मराठी शिकवायचो. राजापूरच्या खालच्या अंगाचा एक मुलगा वर्गात होता. हुशार. एकदा प्रश्न विचारला तर उभा राहून म्हणाला, "गुरुजी, माका ठावक नाय." वर्ग हसला. मी त्याला बाकावर उभा केला आणि "मला ठाऊक नाही" असं दहा वेळा म्हणायला लावलं. त्याने म्हटलं. त्यानंतर वर्षभर त्याने वर्गात एकदाही तोंड उघडलं नाही. मला वाटलं, पोरगा सुधारला.

थिएटरात त्या रात्री त्याच बोलीवर लोक टाळ्या वाजवत होते. आणि नीट पाहिलं तर हसू बोलीला नव्हतंच. हसू होतं ते सरपंचाच्या तोऱ्याला आणि प्रत्येकाच्या ‘मी’पणाला. बोलणारी माणसं कुठेही लाचार नव्हती, एकमेकांना चोख परतफेड करत होती. हा फरक माझ्या डोक्यात शिरायला पुढे दोन-तीन प्रयोग पाहावे लागले. आपलाच माणूस आपल्यावर हसतो तेव्हा तो स्वतःला वगळत नाही. मी वर्गात हसू दिलं तेव्हा स्वतःला वगळलं होतं.

पुलंचा अंतू बर्वा रत्नागिरीचाच. तोही तिरकस. पण ती एका आळीची रत्नागिरी. वाडीवरची, खळ्यातली माणसं आपल्या भाषेत मोठ्या रंगमंचावर मधोमध उभी राहिली ती गवाणकर आणि कांबळींमुळे. म्हणून गवाणकरांना २०१६ साली ठाण्याच्या नाट्यसंमेलनाचं अध्यक्षपद मिळालं तेव्हा मला फार बरं वाटलं. त्यांनी ‘वात्रट मेले’, ‘वन रूम किचन’ अशी आणखीही नाटकं लिहिली, पण लोकांनी त्यांना एकाच नाटकाशी बांधून ठेवलं.

ते गेल्यानंतरच्या माघी उत्सवात आमच्या वाडीतल्या पोरांनी ‘वस्त्रहरण’मधला एक प्रवेश बसवला. प्रॉम्प्टर म्हणून मला बसवलं. तरुणपणी ते काम मी पुष्कळ केलंय. तालमीत एक जण अडला, मी वाक्य पुरवलं. जिभेला चाळीस वर्षांचं वळण, तोंडातून शुद्धच निघालं. पोरगा थांबला आणि अगदी अदबीने म्हणाला, "गुरुजी, ‘नाही’ नको, ‘नाय’ म्हणा."

सगळे हसले. मीही हसलो. मग पुन्हा म्हटलं, त्याने सांगितलं तसं.

तो बाकावर उभा केलेला मुलगा आज साठीला आला असेल. कुठे असतो, ठाऊक नाही. म्हणजे, माका ठावक नाय.