अर्धा लिटर पाणी

पाणी आणि वीज यांचे हाडवैर, हे ऐकतच आपण सारे वाढलो. त्यामुळे संगणकात पाणी खेळवण्याचा बेत चिरंजिवांनी जाहीर केला, तेव्हा घरात सर्वांच्या भुवया चढल्या. पण इलाज नव्हता. त्यांचे चलत्चित्रांचे काम रात्ररात्र चाले, आणि एप्रिल लागला की संगणक तापून आपणहून बंद पडे. घराचे हप्ते त्या यंत्राच्या जिवावर!

युक्ती मोटारीच्या इंजिनातलीच. तापणाऱ्या भागावर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवायचा, पंपाने त्यातून पाणी फिरवायचे आणि ते रेडिएटरमध्ये पंख्याने निववायचे. एक अंश तापायला पाण्याला तेवढ्याच वजनाच्या हवेच्या चौपट उष्णता लागते. म्हणून थोडके पाणीही पुष्कळ उष्णता वाहून नेते. बाकी सामान आले, अडले ते टाकीपाशी. तयार टाकीची किंमत ऐकून मी म्हटले, "ही घरी करू." पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाने टाकी विकत आणावी?

चिरंजिवांनी स्वयंपाकघरातून ॲल्युमिनियमचा डबा पैदा केला. तो मी परत पाठवला. तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात नांदले की ॲल्युमिनियम झिजू लागते. मग बोहरी आळीतून ॲक्रिलिकची नळी आणली: सहा सेंटिमीटर रुंद, वीस उंच. जाड पत्र्याच्या दोन चकत्या कापल्या आणि खिडक्या सताड उघडून क्लोरोफॉर्मने सांधल्या. पंपाकडे जाणारी वाट तळाशी. परतीचे तोंड पाण्याखाली, म्हणजे फेस होत नाही. भरण्याचे बूच वर.

आता परीक्षा. संगणकाला वीज न देता नुसता पंप चालू ठेवायचा, सांध्यांखाली टिपकागद पसरायचा आणि चोवीस तास वाट पाहायची. रात्री दोनला मी उठून पाहतो, तो चिरंजीव आधीच बॅटरी घेऊन बसलेले! मी चहा टाकला. पक्की नोकरी सोडून त्यांनी घरी काम सुरू केले, त्यावरून दोन वर्षे आमच्यात धुसफूस होती. तो विषय त्या रात्री निघाला, आणि उजाडायच्या आत संपला. टिपकागद कोरडाच होता.

सकाळी सौभाग्यवतींनी विचारले, "ही टाकी पाणी गार करते का हो?"

"छे! पाण्यातले बुडबुडे वर सोडते आणि पंप कोरडा पडू देत नाही. कोरडा पंप जळतो."

"म्हणजे तुमच्यासारखी! काम काही दिसत नाही, पण जागेवर हवी."

पुढचा मे महिना संगणक एकदाही बंद पडला नाही. नळ्यांतून पाणी नकळत उडते, पातळी हळूहळू उतरते. डिस्टिल्ड वॉटरची बाटली घेऊन ती भरण्याचे काम माझ्याकडे आहे. त्या दिवशी चिरंजीव काम बाजूला ठेवून चहाला थांबतात.