बिबड्यांशेजारचे रंग

आम्ही भावंडं जळगावची सहा आणि धुळ्याची चार. मे महिना लागला की आम्ही सहाजण एसटीत बसायचो. एरंडोल, पारोळा, मग धुळं. नव्वदेक किलोमीटरांच्या त्या वाटेवर कपड्यांच्या घड्यांत गुंडाळलेला रंगीत पेन्सिलींचा डबा असे, आणि तो खिडकीशी ठेवायचा नाही अशी आक्काची ताकीद असे. एका वर्षी ठेवला होता. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पत्रा तापला, शिसांतलं मेण मऊ पडलं आणि टोक काढताना एकेक शीस वाकून तुटू लागली. त्या दिवशी धाकटा रडला, आणि खरं सांगायचं तर आम्ही मोठेही रडलो. दहाजणांत बारा रंगांचा तेवढा एकच डबा होता.

नानाकाका धुळ्यात चित्रकला शिकवायचे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणारी मुलं संध्याकाळी घरी यायची, ओसरीवर तांब्या-वाटी मांडून वस्तुचित्रं काढायची. नवा डबा घ्यायचा म्हणजे काकांबरोबर आग्रा रोडवर जायचं. सोबत चित्रकलेच्या वहीचा एक कोरा तुकडा. दुकानातल्या गुळगुळीत कागदावर कुठलाही रंग चांगलाच उठतो, असं ते म्हणत.

आधी पेन्सिल डोळ्यासमोर आडवी धरून मागचं टोक बघायचं. शीस लाकडाच्या बरोबर मध्ये आहे ना? एका अंगाला सरकलेली असली की गिरमिटात लाकूड एकीकडून जास्त जातं आणि शीस टिकत नाही. मग कागदावर अगदी हलका हात. चांगल्या पेन्सिलीला दाबावं लागत नाही. रंगद्रव्य कमी आणि माती जास्त भरलेली पेन्सिल खरखरते, कागदाला ओरखडा पाडते. त्यानंतर पिवळ्यावर हिरवा. ही परीक्षा काकांच्या दृष्टीनं सगळ्यात मोठी. जळगावच्या मुलांनी केळीचं पान काढायचं आणि डब्यातला हिरवा तसाच फासायचा, हे त्यांना खपत नसे. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत उभं राहा, म्हणायचे, वरून ऊन पडलं की पानाच्या आत पिवळा दिसतो. तो आधी लावायचा, वर हिरवा, शिरेपाशी थोडा निळा. हलक्या पेन्सिलीत पहिल्याच थरानं कागद मेणचट होतो आणि दुसरा रंग वरून घसरतो.

एक पेन्सिल हातातून पडली तरी काका ती उचलून कानाशी हलवत. बाहेरून लाकूड धड आणि आत शीस तीन ठिकाणी तुटलेली, असं होतं. म्हणून आमच्या घरात पेन्सिल पाडणं हा दूध सांडण्याइतकाच मोठा गुन्हा होता.

पण आम्हाला सगळ्यांना आठवतं ते घरावरचं धाबं. मोठी आई आणि काकू पहाटे ज्वारीचे बिबडे घालायच्या. धोतराच्या फडक्यावर ओळीनं पांढरे गोल. त्यांच्या कडेला काका एक लांब पट्टी ठेवायचे. तिच्यावर बाराही रंगांचे चौकोन, आणि अर्ध्या भागावर जाड पुठ्ठा, वर दगड. राखण आमची. चिमण्यांपासून बिबडे राखायचे आणि पुठ्ठा कुणी हलवू नये म्हणून पट्टीही. महिन्याच्या शेवटी पुठ्ठा उचलला की आम्ही दहाजण डोकं डोक्याला लावून वाकायचो. उघड्या बाजूचा गुलाबी जवळजवळ गेलेला, जांभळा फिका. तपकिरी आणि गेरूसारखा लाल मात्र जसाच्या तसा. मोठी आई त्याच्यावर बोट ठेवून म्हणाली होती, "हाऊ रंग टिकना."

एका वर्षी हिवाळ्यात काकांनी आम्हाला अजिंठ्याला नेलं. जळगावहून ते साठेक किलोमीटर. लेण्यातल्या अंधारात काका सांगत होते, हे लाल-पिवळे रंग गेरूचे, पिवळ्या मातीचे, हिरवा हिरव्या मातीचा, काळा काजळीचा. निळा तेवढा अफगाणिस्तानातून आलेल्या दगडाचा. धाकट्यानं विचारलं, "मग आपल्या धाब्यावरचा टिकला तो पण मातीचाच का?" काका इतके खूश झाले की परतीच्या वाटेवर सगळ्यांना उसाचा रस पाजला.

डबा बहुतेक वेळा कॅमलचा असे. १९३१ साली दांडेकरांनी शाईपासून हा धंदा सुरू केला, ही गोष्ट काका जरा अभिमानानं सांगत. मराठी माणसाच्या उंटावर आमचाही जीव होता. परदेशी पेन्सिली आम्ही फार पुढे पाहिल्या. जर्मनीच्या पॉलिक्रोमोस १९०८ पासून निघतात आणि त्यांची शीस मेणाऐवजी तेलावर बांधलेली असते, हे कळलं तेव्हा काका नव्हते. त्यांच्या हातात एक द्यायला हवी होती, असं आजही आमच्यापैकी प्रत्येकाला वाटतं.

आता आम्ही दहाजण पुणे, नाशिक, सुरतेत पांगलोय. गेल्या वर्षी धुळ्याच्या घरी लग्नाला जमलो. भाचीनं चोवीस रंगांचा नवा डबा उघडला, आणि बोलता बोलता आमचे चार-पाच हात एकदम पुढे गेले. प्रत्येकानं एकेक पेन्सिल उचलली, आडवी धरली आणि एक डोळा मिटून मागचं टोक बघायला लागला. भाची म्हणाली, "मामा, काय बघताय?"

थोरल्यानं तिला जवळ घेतलं आणि म्हणाला, "कोरा कागद आण. वहीतला आण, गुळगुळीत नको."