बोर्डिंग मोडण्यापूर्वी

नंदुरबार

चिरंजीवास,

तुझे म्हसावदहून आलेले पत्र पोहोचले. मुलीला आठवीसाठी नाशिकला पाठवावे की आपल्याच शाळेत ठेवावे, एवढाच तुझा प्रश्न होता, आणि दोन ओळींत उत्तर देऊन मी मोकळा झालो असतो. परंतु पत्राच्या शेवटी, जणू काही किरकोळ बाब म्हणून, तू लिहितोस की शाळेचे बोर्डिंग बंद करून केवळ दिवसाची शाळा चालवावी अशी दरखास्त शाळेच्या कमिटीपुढे आली आहे, आणि आता गावोगाव एस.टी. जात असल्यामुळे तिला तुझी संमती आहे. दुसऱ्या कोणी असे लिहिले असते तर हिशेबी माणसाचे मत म्हणून मी ते बाजूला ठेवले असते. पण याच बोर्डिंगात एका पावसाळ्यात तापाने फणफणत असताना ज्याला स्वयंपाकाच्या बाईंनी आपल्या खोलीत नेऊन निजविले, त्या तू हे लिहावेस?

एस.टी. कोणत्या गावी जाते, बाबा? म्हसावदहून तोरणमाळच्या घाटाकडे रस्ता आहे हे खरे. पण ज्या पावरा आणि भिल्ल मुलांसाठी हे बोर्डिंग आहे, त्यांचे पाडे त्या रस्त्यापासून दूर, सातपुड्याच्या उतारांवर विखुरलेले आहेत. आणि अंतर हा तर प्रश्नाचा लहानसा भाग झाला. दिवाळी सरली की आईबाप ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरतात, घराला कडी लागते, आणि मूल एकतर फडात जाते, नाहीतर म्हाताऱ्या आजीपाशी राहून गुरांमागे फिरते. घरच बंद असलेल्या मुलाने घरून शाळेत यावे, ही तजवीज कोणाला सुचली?

आपल्याकडे बोर्डिंग ही शाळेला मागाहून जोडलेली सोय नव्हे. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातील निराधार मुली आणल्या, त्यांच्या पोटापाण्याची व्यवस्था आधी केली आणि मग त्यांच्या हाती पुस्तक दिले. 1899-1900 च्या दुष्काळानंतर पश्चिम हिंदुस्थानात ठिकठिकाणी मिशनची अनाथालये अशीच बोर्डिंगे आणि शाळा झाली. स्वीडिश अलायन्स मिशनचे लोक त्या वेळच्या पश्चिम खानदेशात आले. त्यांच्या नावाचे हायस्कूल येथे नंदुरबारला तू पाहतोच आहेस. ही दृष्टी ख्रिस्ती लोकांचीच होती असेही नव्हे. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहे उघडली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यास सर्व जातींची मुले एका पंगतीस बसविली. मूल कोठे जेवते, कोठे निजते, याची जबाबदारी घेतल्यावाचून गरिबाचे शिक्षण होत नाही, हे त्या थोरांनी ओळखले होते. धरणगावचा ठोमरे, म्हणजेच बालकवी, त्यालाही नगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी लेकराप्रमाणे आसरा मिळाला होता. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा एकदा काढून वाच.

मोठ्या वसतिगृहांत हजेरीपटावरून मूल ओळखतात. आपल्या लहान बोर्डिंगात कोणी भाकरी अर्धी टाकून उठला की अधीक्षकांना ते रात्रीपर्यंत ठाऊक होते, आणि दिवे मालवण्यापूर्वी ते त्याच्या वळकटीशी जाऊन बसतात. पावरी बोलणारे पोर वर्गात महिनोन्‌महिने मुके असते. त्याला मराठी येते ती पंगतीत, नळावर, भांडणात आणि संध्याकाळच्या उपासनेत गायन म्हणताना. भोंगऱ्याच्या बाजाराला ते घरी जाते, होळी नाचून परत येते, आणि तसेच व्हावे; कोणाच्या धर्मास हात लावण्यासाठी हे छप्पर घातलेले नाही. तुझ्या दिवसशाळेत त्याच्या वाट्याला फक्त वर्ग येईल.

मुलग्यांचे कसेबसे निभेल. कोणी आश्रमशाळेत जाईल, कोणी शहाद्याला नातलगाकडे राहील. मला घोर आहे तो मुलींचा. घरी परतलेल्या मुलीला पुन्हा पाठवावे असे तिच्या बापाला सांगायला पाड्यावर कोण जाणार आहे? दोन सुगी उलटण्यापूर्वी तिचे लग्न ठरेल, आणि कमिटीच्या दप्तरात तिची नोंद ‘गळती’ या एका शब्दात होईल. रात्री हे विचार आले की मला झोप लागत नाही.

खर्चाची अडचण मी जाणतो. दादर ज्वारी महाग झाली, डाळ महाग झाली, कौले फुटली आहेत. पण या बोर्डिंगातून शिकून पगारदार झालेली माणसे थोडी आहेत काय? त्यांच्यापैकी किती जणांना कमिटीने एक साधे पत्र तरी लिहिले? सुगीत पालक मूठमूठ धान्य देतील, त्यांनी पूर्वीही दिले आहे. मागावयास मात्र गेले पाहिजे, आणि तू गेलेला नाहीस.

मुलीबद्दल विचारलेस. तिला नाशिकला पाठवू नकोस, बोर्डिंगात ठेव, आणि त्याच पंगतीत बसव. कमिटीतल्या सभासदांची लेकरे तेथे जेवू लागली की कौलांची मंजुरी अडून राहणार नाही. सौभाग्यवतींना आशीर्वाद सांग. कमिटीच्या बैठकीस अवश्य जा, दरखास्तीवर सही करू नकोस, आणि विरोध सर्वांसमक्ष नोंदव.

तुझा
काका