परतीचे दोर



आज एका चुकीबद्दल लिहिणार आहे. चूक माझीच आहे. तिला आता बरेच दिवस झाले, पण दर वर्षी नवीन वर्ग हातात आला की ती आठवते. आठवलीच पाहिजे, असंही वाटतं.

आमची शाळा सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. शाळेमागे माळ आहे आणि माळावर मोठमोठे कातळ पडलेले आहेत. कधीकाळी वरच्या कड्यावरून सुटून आलेले. काही कमरेएवढे, काही वर्गखोलीच्या छपराएवढे. मला कॉलेजात असल्यापासून प्रस्तरारोहणाचा नाद. त्यामुळे बदली होऊन इथे आले तेव्हा पहिल्याच दिवशी ते कातळ पाहून मनात म्हटलं, अरे, हे तर आयतंच मैदान मिळालं!

त्या शनिवारी काय झालं

दप्तराविना शाळेचा शनिवार होता. सातवीच्या वर्गाला घेऊन मी माळावर गेले. मुलांना सांगितलं, "चला, आज बोल्डरिंग करू या." बोल्डरिंग म्हणजे दोर न लावता कमी उंचीच्या शिळांवर चढणं. हा खेळ ऑलिंपिकमध्येही आहे, हे ऐकल्यावर मुलं जाम खूश झाली.

वर्गात एक मुलगा होता. नाव लिहीत नाही. अभ्यासात मागे, फळ्यासमोर उभं केलं की मान खाली. पण त्या दिवशी दहा-अकरा फुटांच्या शिळेवर तो मिनिटभरात चढला. खाच कुठे आहे, पाय कुठे टेकेल, हे त्याला न सांगता कळत होतं. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. वर्षभरात पहिल्यांदा त्याच्यासाठी टाळ्या वाजत होत्या.

मग तो उतरायला वळला. खाली पाहिलं. आपण कुठे पाय ठेवून वर आलो, ते त्याला वरून दिसेना. पाय शिलाई मशीनसारखे थरथरायला लागले. मी "थांब, मी येते" म्हणेपर्यंत खालून कुणीतरी ओरडलं, "घाबरला रे!" आणि त्याने उडी मारली. खाली दगडगोटे होते. मी शिळा नीट पाहिली होती, पण शिळेखालची जमीन पाहिली नव्हती.

मनगटाचं हाड मोडलं. महिनाभर प्लास्टर.

संध्याकाळी त्याचे वडील शाळेत आले. मला वाटलं, आता खूप बोलतील. ते बाकावर बसले, पाणी प्यायले आणि शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही त्याला चढ म्हनलात. उतरायचं कसं, ते कुनी सांगायचं? आम्ही शेरडांमागं फिरताना पोरांना पयलं उतरायला शिकवतो. चढायला काय शिकवावं लागत न्हाय."

मला उत्तर सुचलं नाही. कारण हे मला ठाऊक होतं.

मला ठाऊक होतं, ते असं

माझं पहिलं शिबिर मुंब्र्याच्या डोंगरात झालं. मुंबईच्या आसपास सरावाला मुंब्रा, बेलापूर आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा परिसर, या जुन्या जागा. तिथे पहिल्या दिवशी आमच्या शिक्षकांनी आम्हाला चढूच दिलं नाही. चार-पाच फुटांच्या शिळेवर मागच्या सोप्या बाजूने नेऊन उभं करायचे आणि पुढच्या बाजूने उतरायला लावायचे. दिवसभर हेच. आम्ही कंटाळलो, कुरकुरलो. दुसऱ्या दिवशी चढायला लागल्यावर लक्षात आलं की भीती अर्धी झाली आहे. वर अडकलो तरी मागे फिरता येतं, हे शरीराला कळलं होतं.

सह्याद्रीत तर हे फारच गरजेचं. आपला हा कातळ बेसाल्टचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर साचले आणि त्यातून दख्खनचं पठार तयार झालं. म्हणून आपल्या डोंगरांना पायऱ्या पडलेल्या दिसतात. एक उभा कडा, मग थोडा सपाट पदर, पुन्हा कडा. मधल्या पदरांवर गवत आणि मुरमाचा घसारा. हंपीचा ग्रॅनाइट किंवा बदामीचा वालुकाश्म वेगळा. तिथले चढाईचे कातळ बऱ्याच ठिकाणी एकसंध. आमच्या बेसाल्टमध्ये मात्र एक पकड लोखंडासारखी पक्की, तर शेजारची हातात निघून येते. म्हणून धरण्याआधी दगडावर हाताने ठोकून बघायचं. पोकळ आवाज आला तर तिच्यावर भार टाकायचा नाही.

पुढे मी खंडाळ्याजवळची नागफणी पाहिली. इंग्रजांना तिच्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाक दिसलं म्हणून ती 'ड्यूक्स नोज'. तैलबैलाच्या शेजारी शेजारी उभ्या दोन भिंती पाहिल्या. नाणेघाटाजवळ जीवधनला खेटून उभा असलेला वानरलिंगी सुळका आणि रायगडासमोरचा लिंगाणाही पाहिला. अशा जागी माथ्यावर पोचलं की मोहीम संपत नाही, अर्धीच होते. थकलेल्या अंगाने दोरावरून खाली यायचं असतं. उतरण्यापूर्वी दोराच्या मोकळ्या टोकाला गाठ मारतात. दोर कमी पडला तर उतरणारा टोकावरून सुटून जाऊ नये, म्हणून. एवढीशी गाठ, पण ती विसरल्याने जीव जाऊ शकतो.

हे सगळं माहीत असलेली मी, त्या शनिवारी मुलाच्या टाळ्यांमध्ये हरवून गेले.

आपल्या दोन गोष्टी

तुम्हीही वर्गात सिंहगडाची गोष्ट सांगत असाल. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र, तानाजी मालुसरे, कडा चढणारे मावळे. तानाजी पडल्यावर मावळे मागे फिरू लागले, तेव्हा सूर्याजीने कड्यावरचे दोर कापले, असं गोष्टीत येतं. त्यावरूनच आपण म्हणतो, 'परतीचे दोर कापले.' लढाईत ते शौर्य होतं. पण आपण हा वाक्प्रचार मुलांच्या रोजच्या आयुष्यालाही लावून टाकला आहे, असं मला वाटतं. सायन्सला घातलं, आता मागे फिरायचं नाही. स्पर्धेत नाव दिलं, आता माघार नाही. मुलगा वर थरथरत उभा असतो आणि खाली आपण टाळ्या वाजवत असतो.

दुसरी गोष्ट हिरकणीची. रायगडाचे दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हं बाळ. ती गवळण रात्री कडा उतरून गेली. तिच्या नावाचा बुरूज आजही आहे. ही गोष्ट आपण आईच्या मायेची म्हणून शिकवतो, आणि ती आहेच. पण अंधारात कडा उतरणं हे चढण्याहून अवघड असतं, हे मुलांना सांगतो का? मी तरी इतकी वर्षं सांगितलं नव्हतं.

आता आम्ही काय करतो

पुन्हा माळावर जायला मला धीर लागला. मुख्याध्यापकांशी बोलले, पालकसभेत झालेली चूक सगळ्यांसमोर सांगितली. काही पालक नको म्हणाले, त्यांच्या मुलांना नेलं नाही. मुलं एरवीही त्या शिळांवर चढतातच, तर शिकून चढू देत, असं बाकीच्यांचं म्हणणं पडलं. आता आमचे नियम असे:

१. आधी जमीन. शिळेखालचे दगड, काटे, काचा मुलंच वेचतात. मग जाड गाद्या टाकतो.

२. चढण्याआधी परतीची वाट बोटाने दाखवायची. दाखवता आली नाही तर चढायचं नाही.

३. पाय आपल्या खांद्याच्या उंचीपेक्षा वर न्यायचे नाहीत. तिथून उतरून दाखवायचं.

४. दोन हात, दोन पाय. यातले तीन कायम टेकलेले, एकच हलवायचा.

५. खाली राखणीला दोघं मोठी माणसं. त्यांनी पडणाऱ्याला झेलायचं नसतं. तो गादीवर नीट पडेल आणि डोकं आपटणार नाही, एवढं बघायचं.

६. पावसाळ्यात आणि शिळा ओली असताना जायचं नाही. जवळपास आग्या मोहोळ दिसलं तर गुपचूप मागे फिरायचं.

७. दोर लागेल अशी चढाई शाळेने स्वतः करायची नाही. त्यासाठी प्रशिक्षित माणसंच हवीत.

आणि एक नियम मुलांनीच केला. कुणी "उतरतो" म्हटलं की हसायचं नाही.

तो मुलगा

प्लास्टर निघून दोन-तीन महिने झाल्यावर, थंडीत, तो पुन्हा माळावर आला. वडिलांनीच पाठवला होता. सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे. सुरुवातीला त्याने ठरल्या उंचीपर्यंत चढ-उतार करून दाखवली. मग म्हणाला, "बाई, ती मोठी करू?" मी म्हटलं, "वाट दाखव." त्याने चढायची वाट दाखवली, उतरायची दाखवली. मी आणि त्याचे वडील खाली उभे राहिलो. तो निम्म्यापर्यंत गेला. थांबला. वर पाहिलं, मग खाली पाहिलं. एक खाच हाताने ठोकून बघितली आणि हळूहळू, एकेक पाय चाचपत, खाली आला.

"आज नको बाई. वरची पकड हालतीय."

वर्ग क्षणभर गप्प होता. मग एका मुलीने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. या वेळी टाळ्या वाजवताना मला अपराधी वाटलं नाही.

गणितात तो अजूनही अडखळतो. पण हल्ली उदाहरण चुकलं की सगळं खोडून वही मिटत नाही. "बाई, तिसऱ्या ओळीपर्यंत बरोबर होतं," असं म्हणून तिथपर्यंत मागे येतो. हे त्या कातळामुळे झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण मला त्यात तोच मुलगा दिसतो, एकेक पाय चाचपत खाली येणारा.

पालकहो, तुमचं मूल एखाद्या झाडावर, शिळेवर किंवा एखाद्या परीक्षेच्या तयारीत वर वर जात असेल, तर कौतुक जरूर करा. फक्त सोबत एवढं विचारा, "बाळा, उतरायची वाट बघून ठेवलीस ना?" आणि ते अर्ध्यातून परत आलं, तर दार उघडं ठेवा.