ओब्रोनी

दोस्तांनो, आधी गुन्हा सांगतो, मग समुद्र.

मी माझी जात खोटी सांगितली. मानेवर कुणी सुरी ठेवली नव्हती. पुढ्यात पुरीभाजीचं ताट होतं आणि समोर अटलांटिक महासागर.

घाना देशात टेमा नावाचं बंदर आहे, अक्राच्या पूर्वेला. १९५७ ला देश स्वतंत्र झाला, एन्क्रुमांनी हे शहर आखून वसवलं, १९६२ ला बंदर सुरू झालं आणि भोवती कारखाने उभे राहिले. तिथल्या एका कापड गिरणीत मी दोन वर्षांच्या करारावर जॉबर म्हणून गेलो होतो. शाळा नववीपर्यंत. माग दुरुस्त करायला बघून बघून शिकलो, कविता पण तशीच. आज्जा मुंबईत साचेखात्यात होता. १९८२ च्या संपात गावी आला तो कायमचाच. मी इचलकरंजीत मागावर वाढलो. आमच्या घरात विमानात बसलेला मी पहिला.

गिरणीतले विव्हिंग मास्टर आपल्याकडचे. बायको, दोन पोरं, बंगला, गाडी, ड्रायव्हर. मराठी बोलायला माणूस मिळाला म्हणून त्यांनी मला धरलं. "एकटा काय करतोस रे रविवारचा? चल आमच्याबरोबर बीचवर." त्याआधी एकदा ते माझ्या खोलीवर येतो म्हणाले होते. ते यायच्या आत मी भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो काढून बॅगेत ठेवला. पालथा. हेही लिहून टाकतो, राहायला नको.

तर प्रामप्राम. टेम्यापासून जवळ, कोळ्यांचं गाव. माड, लांबच लांब वाळू, रंगवलेल्या होड्या. एकेक होडी एकाच झाडाच्या खोडातून कोरलेली. लाटा मोठ्या, आणि पाणी खालून ओढतं. वहिनी पोरांना घोट्याच्या वर भिजू देत नव्हत्या. (वहिनी म्हणा, असं त्यांनीच सांगितलं होतं. मला ते म्हणायला आवडायचं.)

गाडीतून उतरलो तर गावची पोरं मागं लागली, "ओब्रोनी! ओब्रोनी!" ओब्रोनी म्हणजे परदेशी, गोरा. मी मागं वळून बघितलं, कोण गोरा आला म्हणून. मागं कुणीच नव्हतं. एक शेंबडं पोर माझ्या दंडाला बोट लावून म्हणालं, ओब्रोनी. माझा दंड आणि त्याचं बोट यात रंगाचा फरक म्हणाल तर चहाला दूध चमचाभर जास्त, एवढाच. गावात मला ज्या नावानं हाका मारल्या ती नावं तुम्हाला ठाऊक आहेत. इथं मी गोरा. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. छाती जरा पुढं काढून चाललो.

साहेबांनी पोरांना इंग्रजांच्या जुन्या किल्ल्याचे अवशेष दाखवले. फोर्ट व्हर्नन, अठराव्या शतकातला. "किती जुना बघा," म्हणाले, फोटो काढला, झालं. ह्या सगळ्या किनाऱ्यावर असे किल्ले आहेत. सोन्याचा व्यापार आणि माणसांचा. माणसाच्या बदल्यात जो माल दिला जायचा त्यात बंदुका होत्या, दारू होती आणि हिंदुस्थानचं सुती कापडही होतं, गुजरातचं, कोरोमंडलचं. हे मला तिथं गेल्यावर कळलं. ज्यानं ते विणलं त्याला कुठं ठाऊक असणार की आपल्या ताग्यावर माणूस मोजतायत? माझं कापड कुठं जातं ते मला तरी कुठं ठाऊक असतं.

माडाखाली चटई पडली. डबे उघडले. स्टीलची पाच ताटं, त्यातलं एक मला. ड्रायव्हर गाडीपाशी बसला होता. त्याच्यासाठी वहिनींनी कागदाच्या प्लेटमध्ये चार पुऱ्या वाढल्या आणि मला म्हणाल्या, "देऊन या हो तेवढं. कागदाचं बरं पडतं, धुवायचा ताप नाही." आमची पाच ताटं मात्र घरी नेऊन धुवायची होती.

माझ्या आज्जीला गावच्या हॉटेलात चहा मिळायचा तो वळचणीला खोचलेल्या कपातून. पिऊन, धुऊन पुन्हा खोचायचा. ती प्लेट मी नेऊन दिली. ह्या हातानं. ड्रायव्हर "थँक यू, ब्रदर" म्हणाला.

परत येऊन बसलो तेव्हा वहिनींनी विचारलं, "तुमचं आडनाव गावावरून पडलेलं दिसतंय. म्हणजे तुम्ही...?" असले प्रश्न अर्धेच विचारतात. उरलेला अर्धा आपण भरायचा.

"शेतकरी आम्ही," मी म्हणालो.

"हां, वाटलंच," म्हणाल्या आणि आणखी एक पुरी वाढली. बापाच्या नावावर एक गुंठा नाही. ती पुरी मी खाल्ली.

मग धाकटी पोरगी, सहा वर्षांची, खेळत खेळत ड्रायव्हरकडं गेली. तिथं पाणी प्लास्टिकच्या पिशवीत विकतात, अर्ध्या लिटरची. कोपरा दातानं फाडायचा आणि चोखायचं. पोरीला ती गंमत वाटली. ड्रायव्हर पीत होता ती पिशवी तिनं मागितली, त्यानं हसून दिली. पोरीनं तोंडाला लावली आणि वहिनी धावल्या. फटका हातावर. पिशवी वाळूत. "त्यांचं उष्टं पितात का?" मराठीत बोलल्या, पण ड्रायव्हरला भाषांतर लागलं नाही. तो उठला आणि गाडीची काच पुसायला लागला. काच सकाळीच पुसलेली होती.

पोरगी रडत माझ्याकडं आली. "काका, आई का मारती?"

काकाला उत्तर पाठ आहे. काकाच्या सात पिढ्यांना पाठ आहे. काका म्हणाला, "चल, आपण जाळं बघू."

अक्राच्या बाजूचे कोळी मंगळवारी दर्यात जात नाहीत, तो दर्याचा सुट्टीचा दिवस. रविवारी मात्र जाळं ओढतात. दोन दोर, एकेका दोराला पंधरा-वीस माणसं, बायका, पोरं, एका सुरात गाणं. एकानं मला हाक मारली, "ओब्रोनी, ये!" पोरीला बाजूला बसवून मी दोर धरला. तासभर ओढलं. तळहात सोलले. जाळं वर आलं. मासळी बोटाएवढी, तीही दोन घमेली. बाकी प्लास्टिक आणि कपडे. बायका ते काळ्या पडलेल्या आतड्यासारखे उपसत होत्या. शर्ट, पँटी, एक स्वेटर. अक्रात कांतामांतो नावाचा मोठा बाजार आहे, युरोप-अमेरिकेनं टाकलेल्या कपड्यांचा. त्या कपड्यांना तिथं 'ओब्रोनी वावू' म्हणतात, मेलेल्या गोऱ्याचे कपडे. जिवंत माणूस एवढं कापड टाकून देईल असं लोकांना वाटलं नव्हतं. न खपलेलं कचऱ्यात, कचऱ्यातून समुद्रात. ह्या मालापुढं तिथल्या गिरण्यांचं कापड टिकलं नाही, एकामागं एक खाती बंद झाली. मी शर्टाची शिवण बघत उभा राहिलो. सवयच आहे. वीण चांगली होती.

ओढलं म्हणून मला वाटा मिळाला, ओंजळभर मासळी. चटईकडं आणली तर वहिनी म्हणाल्या, "अहो, ते इकडं नको." मी ती ड्रायव्हरला दिली. त्यानं माझे हात बघितले.

येताना त्यानं मला शेवटी सोडलं. क्वार्टरच्या फाटकात हस्तांदोलन केलं. तिथली पद्धत अशी की हात सुटताना एकमेकांच्या बोटावर चुटकी वाजवायची. मला जमेना. त्यानं तीन वेळा करून दाखवली. चौथ्यांदा वाजली. म्हणाला, "गुड नाइट, ब्रदर." मला त्याला सांगायचं होतं. इंग्रजी जुळवत उभा राहिलो, तोवर गाडी वळली.

खोलीत जाऊन फोटो बाहेर काढला. भिंतीवर लावला नाही, टेबलावर ठेवला.

पुढच्या रविवारी वहिनींचा निरोप आला. गेलो नाही असं लिहायला मला आवडलं असतं. मी गेलो. गाडीत बसलो तेव्हा ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडं बघितलं.

"गुड मॉर्निंग, बॉस," म्हणाला.