दुसऱ्याच्या अक्षरात

व्हेरॉनिका सॉयरला कुणाचंही अक्षर हुबेहूब काढता येतं. 'हेदर्स' या चित्रपटातली ही मुलगी देखणी आहे, हुशार आहे, पण शाळेतल्या सर्वांत दरारा असलेल्या टोळक्यात तिला जागा मिळाली आहे ती, मला वाटतं, या हातामुळे. बाकीच्या तिघींचं नाव हेदर. एकीचा रंग लाल, दुसरीचा हिरवा, तिसरीचा पिवळा. व्हेरॉनिकाच्या वाट्याला निळा आलाय. क्रोके खेळताना चेंडूसुद्धा त्याच रंगांचे. ओहायोमधलं शेरवुड गाव, तिथली वेस्टरबर्ग हायस्कूल, आणि जेवणाच्या सुट्टीत मोठी हेदर, म्हणजे हेदर चँडलर, मान न वळवता व्हेरॉनिकाला एक काम सांगते. फुटबॉल खेळणाऱ्या कर्टच्या अक्षरात एक लाडिक चिठ्ठी लिहायची. ती मार्था डनस्टॉकच्या ताटात सरकवली जाते. मार्था जाड आहे, एकटी आहे. ती चिठ्ठी घेऊन कर्टकडे जाते आणि सगळं टेबल हसतं.

या चित्रपटाबद्दल बोलताना लोकांना खून आठवतात, चँडलरच्या केसांतली लाल स्क्रंची आठवते, विनोना रायडरचे डोळे आठवतात. मला ही चिठ्ठी आठवते. पुढे जे जे भयंकर घडतं, ते तिच्यातूनच वाढत जातं.

'हेदर्स' अमेरिकेत 1989 मध्ये आला. दिग्दर्शक मायकेल लेहमन, पटकथा डॅनियल वॉटर्सची. वॉटर्स तेव्हा लॉस एंजेलिसमधल्या एका व्हिडिओ कॅसेटच्या दुकानात काम करायचा, आणि आपली पटकथा स्टॅन्ली कुब्रिकनं करावी असं त्याचं स्वप्न होतं. त्या दशकात अमेरिकी शाळेचं चित्र जॉन ह्यूजनं रंगवलं होतं. 1985 च्या 'द ब्रेकफास्ट क्लब'मध्ये पाच वेगवेगळ्या कळपांतली मुलं एका शनिवारी शिक्षा म्हणून शाळेच्या लायब्ररीत कोंडली जातात आणि संध्याकाळपर्यंत एकमेकांची होतात. तो चित्रपट मला मनापासून आवडतो. पण त्यातला सोमवार आपल्याला दिसत नाही. वॉटर्सनं तो सोमवार लिहिला.

हा सोमवार अमेरिकी शाळेच्या रचनेतच आहे. नववी ते बारावी, चौदा ते अठरा वर्षांची शेकडो मुलं एका छपराखाली. दर तासाला वर्ग बदलतो, सोबतची मुलं बदलतात. सगळे एकत्र येतात ते कॅफेटेरियात, आणि तिथे कुणी कुठे बसायचं हे कुठलाही शिक्षक ठरवत नाही. जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञानं इलिनॉयमधल्या दहा शाळांचा अभ्यास करून 1961 मध्ये 'द अॅडोलेसंट सोसायटी' हे पुस्तक लिहिलं. मुलांना त्यानं विचारलं होतं, शाळेत तुमची आठवण कशी राहावी? हुशार विद्यार्थी म्हणून, खेळाडू म्हणून, की सर्वांचा लाडका म्हणून? मुलग्यांमध्ये खेळाडू होण्याची ओढ सर्वांत जास्त निघाली. मोठ्यांनी शाळा बांधली होती शिकण्यासाठी. तिच्या आत मुलांनी आपलं वेगळं राज्य वसवलं होतं आणि त्याचे मानकरी वेगळे होते.

व्हेरॉनिकाला हे राज्य मनातून नकोसं झालंय. रोजनिशीत ती तसं लिहिते. तेवढ्यात लांब कोट घातलेला, मोटारसायकलवरून येणारा जे.डी. शाळेत दाखल होतो. क्रिस्टियन स्लेटरनं त्याला असं काही मोहक केलंय की आपणही थोडा वेळ त्याच्या बाजूला जाऊन उभे राहतो. राणी मेली की राज्य संपेल, असं त्याचं साधं गणित. तो हेदर चँडलरसाठी विषाचा कप भरतो. व्हेरॉनिकाला वाटतं चेष्टा चाललीय, आणि चुकीचा कप तिच्याच हातून पुढे जातो. मग प्रेताशेजारी बसून ती तेच करते जे तिला येतं. हेदरच्या अक्षरात आत्महत्येची चिठ्ठी लिहिते. त्या चिठ्ठीत एक भारदस्त शब्द पडतो. शब्दसंग्रहाच्या चाचणीत तोच हेदरला आला नव्हता. नंतर शिक्षकांच्या बैठकीत त्या शब्दाच्या अचूक वापराचं कौतुक होतं.

या जागी चित्रपट मला फार मोठा वाटतो. एका मुलीचा जीव गेलाय, आणि तिला ओळखत असल्याचा दावा करणारी एवढी माणसं आहेत, पण ती चिठ्ठी तिची नाही हे एकालाही कळत नाही. जिवंतपणी तिला सगळे घाबरत होते. आता खोट्या चिठ्ठीमुळे तिला मनाची खोली मिळते, वेदना मिळते, चाहते मिळतात. पुढे कर्ट आणि त्याचा मित्र रॅम यांचंही तेच होतं. मरणसुद्धा या शाळेत प्रतिष्ठेची गोष्ट होते. आणि गादी? ती रिकामी राहतच नाही. दुसरी हेदर, हिरव्या रंगाची, लाल स्क्रंची केसांना बांधते आणि पहिलीपेक्षा जास्त कठोर होते.

मग मार्था. ती अंगावर चिठ्ठी टाचून रस्त्यावरच्या गाड्यांसमोर जाते. ती वाचते, जबर जखमी होते, आणि शाळेत तिची टिंगल होते, की नामवंतांची नक्कल करायला गेली आणि तेही जमलं नाही. या चित्रपटात मरू पाहणाऱ्याच्या स्वतःच्या हातची चिठ्ठी दिसते ती हीच. ती वाचून कुणी हळहळत नाही. लोकप्रियतेबद्दल इतकं उघडं सत्य मी दुसऱ्या कुठल्या चित्रपटात पाहिलेलं नाही. विनोदाच्या अंगानं गेल्याशिवाय ते सांगताही आलं नसतं, कारण गंभीर चेहऱ्यानं सांगितलं असतं तर आपण लगेच मार्थाच्या बाजूचे झालो असतो. काळा विनोद तशी सोय ठेवत नाही. आपण आधी हसलेलो असतो.

हा चित्रपट आज पाहणं अवघड आहे, हे मला मान्य आहे. पहिल्याच दिवशी जे.डी. कॅफेटेरियात पिस्तूल काढतो. गोळ्या खोट्या असतात. पण 1999 च्या एप्रिलमध्ये कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी खऱ्या गोळ्या झाडल्या, आणि तेव्हापासून तो लांब कोट नुसता कोट राहिला नाही. 2018 मध्ये या कथेवरची मालिका प्रसारित व्हायच्या बेतात होती. फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर ती पुढे ढकलावी लागली. तरीही हा चित्रपट बंदुकीची भलामण करतो असं मी कधीच म्हणणार नाही. जे.डी. ची मोहिनी आपल्याला पुरती भोगायला लावून मग तो तिचा तळ दाखवतो. जे.डी. सुद्धा शेवटी सह्याच गोळा करवतो. मुलांना वाटतं एखाद्या गायकवृंदाला शाळेत बोलावण्याचा अर्ज आहे. खाली जमते ती अख्ख्या शाळेची आत्महत्येची चिठ्ठी. न वाचता सगळे सही करतात, कारण कागद फिरवणारी ती दुसरी हेदर वजनदार आहे.

वॉटर्सच्या मूळ पटकथेत शाळा स्फोटात उडून जाते आणि प्रॉमचा नाच स्वर्गात होतो. तिथे सगळे कळप एकत्र नाचतात. निर्मात्या कंपनीला ते झेपलं नाही. आताच्या शेवटात व्हेरॉनिका स्फोट टाळते, लाल स्क्रंची काढून घेते आणि चाकाच्या खुर्चीतल्या मार्थाला विचारते, प्रॉमच्या रात्री आपण दोघी व्हिडिओ पाहू या का? समीक्षकांतले बरेच जण मूळ शेवट अधिक धाडसी मानतात. मला नाही तसं वाटत. मेल्यावर समता येते हे म्हणायला धाडस लागत नाही. मंगळवारी शाळेत मार्थाशेजारी उभं राहायला लागतं.

गंमत नव्हे, योगायोगही नव्हे, पण पंधरा वर्षांनी याच लेखकाच्या धाकट्या भावानं, मार्क वॉटर्सनं, 'मीन गर्ल्स' दिग्दर्शित केला. रोझालिंड वाइजमन यांच्या 2002 च्या पालकांसाठी लिहिलेल्या पुस्तकावरून टीना फे यांनी पटकथा लिहिली. 'हेदर्स' तिकीटबारीवर पडला होता आणि नंतर कॅसेटवर जगला. 'मीन गर्ल्स'नं जगभरात दहा कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला. इथे कुणी मरत नाही. पण लिखाण आहेच. रेजिना जॉर्ज आणि तिच्या मैत्रिणींची 'बर्न बुक' नावाची वही, शाळेतल्या मुलींचे फोटो चिकटवून खाली विषारी मजकूर लिहिलेला.

आमच्या दहावीच्या शेवटी स्लॅमबुकं फिरायची. आवडता रंग, आवडता नट, माझ्याबद्दल दोन ओळी. सगळं गोडच लिहिलेलं असायचं. तरी वर्गातल्या त्या एका मुलीनं आपल्या वहीत चार ओळी लिहिल्या की एकच, याकडे किती जणींचे डोळे लागलेले असत. हेही मोजमापच होतं, फक्त साखरेत घोळलेलं. म्हणून बर्न बुक मला परकी वाटली नाही.

केडी हेरॉन आफ्रिकेतून आलेली, घरीच शिकलेली मुलगी. ती रेजिनाला उलथवायला त्या टोळक्यात शिरते आणि हळूहळू तिच्यासारखी होते. तीही त्या वहीत लिहिते, आपल्या गणिताच्या बाईंबद्दल, आणि शेवटी बाईंच्या दारी पोलीस येतात. पण त्याआधी रेजिना एक विलक्षण गोष्ट करते: स्वतःचाच फोटो चिकटवून स्वतःबद्दल घाण लिहिते, म्हणजे संशय दुसऱ्यांवर जावा, आणि पानांच्या प्रती शाळेभर उधळते. व्हेरॉनिका दुसऱ्याच्या अक्षरात दुसऱ्याचं मरण लिहिते, रेजिना स्वतःच्या हातानं स्वतःची बदनामी. दोघींनाही एक पक्कं ठाऊक आहे. कागदावर आलेल्या शब्दाला पुरावा लागत नाही.

पानं उधळल्यावर शाळेच्या जिममध्ये अकरावीच्या सगळ्या मुली बसवल्या जातात. बाई विचारतात, तुमच्या पाठीमागे तुमच्याबद्दल कुणी वाईट बोललंय का? सगळे हात वर. तुम्ही कुणाबद्दल बोललाय का? पुन्हा सगळे हात वर. मग प्रत्येकीला माफीची चिठ्ठी लिहून सगळ्यांपुढे वाचायला सांगतात. काहीजणींची माफी ही माफीच्या वेषातली फुशारकी असते, काहींची खरी असते, आणि चित्रपट दोन्हींना तेवढाच वेळ देतो. त्याची ही समज मला भावते. तरी दोघा भावांत थोरला अधिक खरं बोलतो, असं माझं मत आहे. 'मीन गर्ल्स'मध्ये केडी शाळेच्या नाचात मिळालेल्या राणीच्या मुकुटाचे तुकडे करून वाटते आणि सभागृह टाळ्या वाजवतं. वेस्टरबर्गमध्ये मार्था 'हो' म्हणते तेव्हा कुणी टाळ्या वाजवत नाही.

भाची यंदा नववीत गेलीय. तिच्या वर्गाचे दोन व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत, एक सगळ्यांचा आणि एक 'आमचा', आणि दुसऱ्यात नसलेल्यांचे स्क्रीनशॉट त्यात फिरतात, हे तिनं मला सांगितलं. तिला 'मीन गर्ल्स' आत्ताच दाखवायचा आहे. 'हेदर्स' अजून दोन वर्षांनी, आणि शेजारी बसून. चिठ्ठी ताटात पडते तिथे मी चित्रपट थांबवणार आहे आणि तिला विचारणार आहे, त्या टेबलावरच्या कुणाकुणाला हे थांबवता आलं असतं.